घरचे सगळे मदत करतात, तरी ती राजीनामा का देत होती? एक प्रकरण

वय ३४. एका रोगनिदान प्रयोगशाळेत वरिष्ठ तंत्रज्ञ. मोठी मुलगी ६ वर्षांची, धाकटा मुलगा १० महिन्यांचा. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली त्याला ४ महिने झाले होते. राजीनाम्याचं पत्र टाइप करून ठेवलेलं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. विभागप्रमुखांनी तिला आधी कुणाशी तरी बोलून घ्यायला सांगितलं आणि ती समुपदेशनासाठी आली.

हे प्रकरण एका घराचं म्हणून लिहिलं असलं, तरी त्यातले तपशील एकापेक्षा अधिक घरांतून घेऊन जुळवले आहेत. ते एवढ्यासाठी, की कुणाची ओळख पटू नये.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "घरचे सगळे खूप करतात हो. माझंच काहीतरी चुकतंय." पुढचं सगळं या वाक्याभोवती फिरतं. घरून विरोध आहे, नवरा बोटही हलवत नाही, सासू नोकरीच्या नावानं खडे फोडते, अशी तक्रार घेऊन बायका येतात तेव्हा काय करायचं ते निदान दिसतं तरी. इथे तसं काहीच नव्हतं.

घरात कोण काय करत होतं

सासूबाई निवृत्त शिक्षिका. बाळ दिवसभर त्यांच्याकडे. सासरे नातीला शाळेतून आणत, संध्याकाळी बाहेर फिरवत. नवरा मालवाहतुकीच्या एका कंपनीत, वेळ ठरलेली. घरी आल्यावर भांडी, कपडे, सामानसुमान, जे सांगाल ते करायचा. तिची बहीण दुसऱ्या गावी, पण रोज फोन. एका बाईच्या नोकरीमागे चार माणसं उभी. नातेवाईक तिला नशीबवान म्हणत. या कौतुकाचा परिणाम मात्र उलटाच झाला होता. इतकं सगळं मिळत असताना दमले म्हणायचं कोणत्या तोंडानं, म्हणून तिनं घरात बोलणंच बंद केलं होतं.

तक्रारी अशा होत्या: रात्री झोप तुटते, आणि बाळ झोपलेलं असतानाही लागत नाही. मुलीवर विनाकारण ओरडणं होतं. कामावर एकदा नमुन्याच्या नळीवर चुकीची चिठ्ठी लागता लागता राहिली. प्रयोगशाळेत ही चूक म्हणजे एका माणसाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर. चिठ्ठी वेळेत पकडली गेली, पण त्याच रात्री तिनं पत्र लिहिलं.

कुटुंबाचा विषय काढण्याआधी दोन गोष्टी तपासून घेतल्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे. तिच्यात १० प्रश्न असतात, एकूण गुण ३०, आणि १३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञाकडून पुढची तपासणी करून घ्यायची असते. तिचे गुण वाढलेले होते, पण त्या रेषेच्या आत. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहिलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तर थकवा आणि चिडचिड नेमकी अशीच दिसते. अहवाल ठीक आले. ही पायरी गाळून थेट 'घरच्यांनी समजून घ्यायला हवं' यावर उडी मारणारे सल्ले धोक्याचे असतात, असं माझं मत आहे. ज्या बाईला औषधाची गरज आहे तिला कामाची वाटणी करून देऊन भागत नाही.

दोन रकाने

मग तिला आठवडाभर एक नोंद ठेवायला सांगितली. घरातलं प्रत्येक काम एका ओळीत, आणि त्यापुढे दोन रकाने: हे कोणी केलं, आणि हे करायला हवं हे कोणाच्या लक्षात आलं.

पहिला रकाना छान होता. तिथे सासूबाई, सासरे, नवरा, ती, सगळी नावं होती. सर्वांत जास्त तास सासूबाईंचे, हेही उघड दिसत होतं. दुसऱ्या रकान्यात मात्र पानामागून पान एकच नाव. बाळाचे कपडे आखूड होत आलेत, लसीची तारीख जवळ आली, मुलीला शुक्रवारी शाळेत पुठ्ठा न्यायचाय, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या चारच उरल्यात, शनिवारी वाढदिवसाला जायचंय आणि भेटवस्तू आणलेली नाही. गोळ्या आणल्या नवऱ्यानं, पुठ्ठा आणला सासऱ्यांनी. पण प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुने वेगानं फिरवणारं यंत्र, चालू असताना हे सगळं आठवून त्यांना फोनवर सांगितलं ते तिनं.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या न दिसणाऱ्या कामाचे चार टप्पे सांगितले आहेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांनी ३५ जोडप्यांतल्या नवरा-बायकोंच्या मुलाखती घेतल्या. निर्णय घेण्यात दोघांचा वाटा बराचसा बरोबरीचा निघाला. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांकडे होता. या घरातही तसंच. नवऱ्याला कधीही विचारा, तो म्हणायचा, "आम्ही सगळं मिळून ठरवतो." ते खरंच होतं. कोणती लस कुठे द्यायची हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. लसीची वेळ आली आहे हे मात्र त्याला एकदाही आपणहून आठवलं नव्हतं, आणि आठवण्याची गरजही पडली नव्हती, कारण तिला आठवायचंच.

"सांग ना, काय करू?" हे त्याचं नेहमीचं वाक्य. मनापासूनचं. त्यानं हात तिचे मोकळे होत, डोकं होत नसे.

नोंदीतून दुसरंही एक कळलं. दुपारचे फोन. बाळ थोडं कोमट लागतंय, औषध किती द्यायचं? पांढरी बाटली की निळी? आज तुझ्यासाठी फार रडला गं, आत्ताच कुठे झोपला. यातला शेवटचा फोन सर्वांत महाग पडायचा, कारण त्यावर तिला कामावरून करता येण्यासारखं काहीही नव्हतं.

नेमकं कशाशी काय भांडत होतं

नोकरी आणि घर यांतल्या ओढाताणीचे तीन प्रकार ग्रीनहाउस आणि ब्युटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये मांडले: वेळेची, ताणाची आणि वागण्याच्या पद्धतीची. वेळेची ओढाताण या घरानं बरीचशी सोडवली होती. ताणाची तशीच राहिली होती, कारण लक्ष ठेवण्याचं काम दोन्हीकडे तिचंच होतं आणि त्याला सुट्टी नव्हती. तिसरा प्रकार सगळ्यात कमी बोलला जातो, आणि इथे तो ठळक होता. प्रयोगशाळेत चांगलं काम म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणं, दुसऱ्यानं लावलेली चिठ्ठी स्वतः वाचणं. तीच सवय घरी आली होती. नवऱ्यानं घड्या घातलेले कपडे ती पुन्हा घालायची. सासऱ्यांनी भरलेलं दप्तर रात्री उघडून बघायची. आईनंच बाबांच्या वाटेत असं उभं राहण्याला ॲलन आणि हॉकिन्स यांनी १९९९ च्या संशोधनात द्वारपालाचं काम म्हटलं आहे. या निष्कर्षावरून बायकांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. पण दप्तरात वही नसेल तर शाळेतून संदेश कोणाच्या फोनवर येतो, हे त्यांनी आधी बघावं. ज्याच्याकडे जाब मागितला जातो तोच तपासतो.

शाळेच्या नोंदीत पहिला क्रमांक तिचा होता. डॉक्टरांकडेही तिचा. मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात ती होती, नवरा नव्हता.

सासूबाई बोलल्या तेव्हा

तिसऱ्या भेटीला घरातली सगळी मोठी माणसं आली. नोंदवही टेबलावर ठेवली. नवरा दुसरा रकाना बराच वेळ वाचत होता आणि थोडा दुखावला होता, "मग मी जे करतो ते काहीच नाही का?" असं त्यानं विचारलंही. रास्त प्रश्न होता. त्यानं केलेली कामं खरी होती, पहिल्या रकान्यात लिहिलेली होती.

पण त्या दिवशी प्रकरणाला वळण मिळालं ते सासूबाईंमुळे. बाळ आता रांगतं, उभं राहायला बघतं, त्यामागे वाकून वाकून गुडघे राहिले नाहीत, असं त्या अगदी सहज बोलून गेल्या. आधी का सांगितलं नाही, असं मुलानं विचारल्यावर म्हणाल्या, "मी दमते म्हटलं की हिची नोकरी जायची. म्हणून नाही बोलले." सून दमले म्हणत नव्हती कारण सासूबाई एवढं करतात, आणि सासूबाई म्हणत नव्हत्या कारण सुनेची नोकरी टिकायला हवी. दोघी एकमेकींना सांभाळून घेत गप्प होत्या, आणि चिडचिड मात्र दुधाच्या बाटल्या कशा धुवायच्या यावरून होत होती.

आजीनं नातवंडं सांभाळणं सगळ्यांच्याच भल्याचं, असं सरसकट धरलं जातं. संशोधन जरा जपून बोलतं. मेलबर्नमधल्या स्त्रियांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २०१४ मध्ये पुढे आलं, की आठवड्यातून १ दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या बुद्धीच्या चाचण्यांत सर्वांत पुढे होत्या. ५ किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्या मात्र एका महत्त्वाच्या चाचणीत मागे पडल्या. २०१७ मध्ये बर्लिनमधल्या वृद्धांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्षही याच्या जवळ जातो: अधूनमधून नातवंडं सांभाळणारे आजीआजोबा, अजिबात न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. मुलांची पूर्ण जबाबदारी अंगावर असलेले आजीआजोबा त्या अभ्यासात नव्हते. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत. ज्यांची तब्येत बरी तेच अधूनमधून सांभाळत असतील, असंही असू शकतं. पण आठवड्याचे सहा दिवस, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी, हे 'अधूनमधून' नव्हे, एवढं नक्की.

वाटणी पुन्हा केली

कामं वाटायची नाहीत, विषय वाटायचे, असं ठरलं. ज्याचा विषय त्यानंच आठवायचं, ठरवायचं, करायचं आणि झालं का ते बघायचं. नवऱ्यानं तीन विषय घेतले: दोन्ही मुलांच्या लसी, डॉक्टर आणि औषधं, मुलीच्या शाळेचे सगळे निरोप, आणि बाळाला लागणाऱ्या वस्तूंचा साठा. शाळेत आणि डॉक्टरांकडे पहिला क्रमांक बदलून त्याचा दिला. वर्गाच्या गटातून ती बाहेर पडली, तो आत गेला. सासऱ्यांनी घरातल्या मोठ्यांच्या औषधांचा हिशेब घेतला. सुनेनंच का बघावं, हे त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर त्यांनी वही घातली.

औषधाच्या मात्रेचा प्रश्न एका कागदानं सुटला. बाळाच्या वजनानुसार ताप आल्यास किती आणि किती तासांनी, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रिजच्या दारावर लावलं. वजन बदललं की कागद बदलायचा. तो विषय नवऱ्याचा.

रात्रीची वाटणी कठीण होती, कारण बाळ अजून अंगावर पीत होतं. प्रौढ माणसाला रोज निदान ७ तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. तिला ती तुकड्यातुकड्यांतही मिळत नव्हती. ठरलं असं की रात्री १० ते ३ बाळ नवऱ्याकडे, ३ नंतर तिच्याकडे. पहिल्या भागासाठी काढून ठेवलेलं दूध. ते नेहमीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस चालतं. हे माहीत झाल्यावर कामावर काढलेलं दूधही वाया जाणं थांबलं. पहिल्या काही रात्री बाळानं बाबाला स्वीकारलं नाही आणि सगळं घर जागं झालं. नंतर स्वीकारलं.

सासूबाईंना रविवार आणि आठवड्यातला आणखी एक दिवस पूर्ण मोकळा. त्यासाठी तिनं आपली साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मध्ये मागून घेतली. कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक तीन महिन्यांचं आधी देण्याचंही विभागप्रमुखांनी मान्य केलं. एवढं एक पत्र लिहून मिळालं. तोपर्यंत मागितलंच नव्हतं. घरच्यांनी कितीही वाकून घेतलं तरी उद्याची पाळी आज रात्री कळत असेल तर त्या घराला काही ठरवता येत नाही.

दुपारच्या फोनबद्दल बोलणं नाजूक होतं. बाळ रडलं हे सांगण्यात सासूबाईंचा टोमणा नव्हता. आईला खरं कळायला हवं, असं त्यांना वाटायचं. साधारण ८ महिन्यांपासून मुलं आईपासून दूर होताना रडू लागतात, वाढीचा तो नेहमीचा टप्पा आहे आणि घरी राहणाऱ्या आयांची मुलंही तसंच करतात, हे दोघींसमोर सांगितल्यावर बराच ताण उतरला. फोन फक्त ताप आणि दुखापत यांसाठी, आणि तोही आधी नवऱ्याला. बाकीचं संध्याकाळी.

काय जमलं, काय नाही

पहिलाच महिना डळमळीत गेला. शाळेचा एक निरोप नवऱ्यानं वाचला आणि विसरला. मुलीला रंगीत कागद न्यायचे होते. कागद घरात होते, आईला खण माहीत होता, आणि आदल्या रात्री तिला आठवलंही होतं. ती गप्प राहिली. मुलगी रडत घरी आली. त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं: त्याचं म्हणणं, आठवलं होतं तर सांगितलं का नाहीस, तिचं म्हणणं, मग पुन्हा तेच.

मला विचाराल तर या बाबतीत टोकाचा सल्ला देणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'सगळं कोसळू द्या, म्हणजे शिकतील' हे बोलायला सोपं आहे, पण कोसळतं ते लेकराच्या अंगावर. म्हणून इथे एक सीमा आखली. ज्या विसरण्याची किंमत फार तर ओशाळवाणं होणं इतकी आहे, तिथे आठवण करायची नाही. लस, ताप, औषध या बाबतीत मात्र दोघांच्या फोनवर तारीख, आणि जो आधी बघेल तो बोलेल. आरोग्याचा विषय नवऱ्यानं फार लवकर अंगात मुरवला. आता डॉक्टर प्रश्न त्यालाच विचारतात. शाळेचा विषय अजून लंगडतो. शाळाही मदत करत नाही: क्रमांक बदलून दिल्यानंतरही तिथून कित्येकदा आईलाच फोन गेला.

नवऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट पुढे आली, जी आम्ही कुणी धरली नव्हती. बाळाला लस द्यायला जायचंय म्हणून तो अर्धा दिवस रजा मागायला गेला, तर वरिष्ठांनी हसत विचारलं, "घरी बायको नाही का?" घरातली वाटणी बदलली की तिचा भार दुसऱ्या एका कार्यालयात जाऊन पडतो, आणि ते कार्यालय तयार नसतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात बिनपगारी सांभाळकामाचे ७६.२ टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. याच जबाबदारीमुळे नोकरीधंद्याच्या बाहेर राहिलेल्या बायका ६० कोटी ६० लाख, आणि पुरुष ४ कोटी १० लाख. ज्या वरिष्ठानं आयुष्यात असा पुरुष पाहिलेलाच नाही, त्याला रजेचा तो अर्ज विचित्र वाटणारच. नवऱ्यानं रजा घेतली. पुढच्या वेळी मागताना त्याला संकोच वाटला, हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

तिचं पत्र पाठवलं गेलं नाही. चार महिन्यांनी पुन्हा भरलेल्या प्रश्नावलीत गुण बरेच खाली आले होते. दप्तर ती अजूनही कधी कधी उघडून बघते. पर्यवेक्षकपदासाठीचं प्रशिक्षण तिनं या वर्षी नाकारलं. घरच्यांनी 'जा, आम्ही आहोत' म्हटलं होतं, पण तिला आत्ता ते नको होतं. त्या निर्णयाला मी अपयश म्हणणार नाही आणि यशही म्हणणार नाही.

या घरात तिच्याशिवाय आणखी तीन मोठी माणसं होती, हे विसरून चालणार नाही. एकटी आई, किंवा जिथे नवरा-बायको दोघंच, तिथे दोन रकान्यांची नोंद तितकीच उपयोगी पडते, पण वाटायला माणसंच कमी असतात. तिथे पाळणाघर, विकतची मदत आणि कामाच्या वेळा यांचं वजन कुटुंबाच्या पाठिंब्यापेक्षा जास्त ठरतं. चांगल्या मनानं ती जागा भरून निघत नाही.

शेवटच्या भेटीपर्यंत सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. नंतरचे काही आठवडे तरी बाळाला उचलणं त्यांना शक्य नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या दोन महिने आधीपासून बाळाला पाळणाघरात अर्धा दिवस ठेवायला सुरुवात झाली. तीन पाळणाघरं नवऱ्यानं जाऊन पाहिली, एका ठिकाणी किती मुलांमागे किती ताई आहेत हे न सांगितल्यामुळे ते सोडून दिलं, आणि नावनोंदणी केली. सासूबाईंना पाळणाघर अजून पटलेलं नाही. त्या रोज दुपारी सासऱ्यांना बाळाला आणायला ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच पिटाळतात.